गियर घसरतायत, सायकल जुनी आहे आणि मेकॅनिकचा आकडा ४,२०० आहे

जुना_कोथरूडकर
नमस्कार मंडळी. इथं सायकलवाले बरेच आहेत म्हणून विचारतो.

माझ्याकडे २००९ साली घेतलेली २१ गियरची सायकल आहे. लोखंडी सांगाडा, २६ इंची चाकं. घेतली तेव्हा दोन वर्षं रोज ऑफिसला नेली. मग बदली झाली, मग मुलगी झाली, मग सायकल जिन्याखाली गेली. अधूनमधून सुट्टीत बाहेर निघायची एवढंच. यंदा डॉक्टरांनी साखरेचा रिपोर्ट समोर धरला आणि सायकल परत उजेडात आली. गेले दोन महिने सकाळी चांदणी चौक चढून भूगावपर्यंत जातो आणि परत येतो. मजा येतेय, हे कबूल करायला हवं.

अडचण अशी की चढावर जोर लावला की 'खट्' आवाज होतो आणि पायडल एकदम रिकामं फिरतं. उभं राहून मारताना दोनदा दांड्यावर आदळलो. कुठं लागलं ते विचारू नका.

मेकॅनिकनं बघितलं आणि म्हणाला, "साहेब, गियर झिजलेत. मागचं फ्रीव्हील, पुढचा क्रँकसेट, दोन्ही डेरेलर, केबली, सगळं टाकू. ४,२०० होतील." मग जरा थांबून, "त्यापेक्षा नवीन का नाही घेत?" (नवख्यांसाठी: फ्रीव्हील म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचा संच, क्रँकसेट म्हणजे पायडलजवळच्या चकत्या, डेरेलर म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारी यंत्रणा.)

ही सायकल आज विकायला काढली तर २,५०० सुद्धा कुणी देणार नाही. मग तिच्यावर ४,२०० घालणं शहाणपणाचं आहे का? ज्यांनी केलंय त्यांनी सांगा. ज्यांनी करून पस्तावलेत त्यांनी तर नक्की सांगा.

निवांत
विका आणि नवीन घ्या. धागा संपला.

चिऊताई
बायको काय म्हणाली?

जुना_कोथरूडकर
@चिऊताई, ती म्हणाली आधी जिन्याखालची जागा रिकामी कर, मग काय ते ठरव.

घाटमाथा
अहो थांबा, लगेच विकायला काय निघालात. 'गियर झिजलेत' हे निदान नाही, हा नुसता अंदाज आहे. आधी चेन मोजा.

चेनची एक कडी अर्ध्या इंचाची, म्हणजे २४ कड्या बरोबर १२ इंच भरल्या पाहिजेत. एका पिनेच्या मध्यावर पट्टीचा शून्य ठेवा आणि २४ कड्या पुढची पिन कुठं येते ते बघा. ती इंचाचा सोळावा भाग पुढं गेली असेल तर चेन बदलायची वेळ झाली. आठवा भाग पुढं गेली असेल तर चेनबरोबर मागच्या चकत्याही गेल्या असं समजा.

लोक म्हणतात चेन ताणली. ताणली जात नाही ती, लोखंड आहे, रबर नाही. प्रत्येक सांध्यात पिन आतून थोडी थोडी झिजते आणि ते थोडं थोडं मिळून चेन लांब होते. अशी चेन दाताच्या मुळाशी न बसता वर सरकून बसते आणि दात एका बाजूनं खात जाते. चकतीचे दात नीट बघा. झिजलेला दात शार्कच्या पंखासारखा एका अंगाला कललेला दिसतो.

दुसरं, सगळ्या गियरमध्ये घसरतं की ठरावीकच? माणूस २१ गियर घेतो आणि तीनच वापरतो. तेच तीन झिजतात.

निवांत
@घाटमाथा, एवढं मोजमाप करण्यात जितका वेळ जाईल तितक्यात नवीन सायकलवर लोणावळा होईल.

घाटमाथा
२४ कड्या मोजायला तुम्हाला किती वेळ लागतो हो?

गणिताच्या_बाई
विषय निघालाच आहे म्हणून. या २१ गियरच्या सायकलींना पुढं बहुतेक ४२-३४-२४ दात असतात आणि मागं १४ पासून २८ पर्यंत सात चकत्या: १४, १६, १८, २०, २२, २४, २८. आता भागाकार करा. ४२ भागिले २८ म्हणजे दीड. २४ भागिले १६ म्हणजे पण दीड. ३४ भागिले २२ म्हणजे दीडपेक्षा किंचित जास्त. म्हणजे पुढं-मागं तीन वेगवेगळ्या जागी लीव्हर नेऊन माणूस जवळजवळ त्याच गियरमध्ये परत येतो! सगळा तक्ता मांडला तर वेगळे म्हणावेत असे बारा-तेराच निघतात. बाकीचे पावसाळी छत्रीच्या जाहिरातीसारखे, आकडा मोठा दिसावा म्हणून.

याचा तुम्हाला फायदा असा की एखादी चकती घसरत असेल तर पुढची बदलून दुसऱ्या वाटेनं त्याच गियरला पोचता येतं. फुकट उपाय.

आरा_तुटला
बाई, दहावीला तुम्ही असतात तर आज मी निदान डिप्लोमा केला असता.

वाईकर_काका
आमच्याकडे वडिलांची रॅले आहे. मागच्या हबमध्येच, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यातच, तीन गियर, स्टर्मी-आर्चर कंपनीचे. हबच्या पत्र्यावर बनवल्याचं साल कोरलेलं असतं, आमच्यावर ५४ आहे. सगळे दाते आत, तेलात. बाहेर एकच चकती, एकच चेन. महिन्याला दोन थेंब तेल घालतो. गियर झिजले हे वाक्य आमच्या घरात सत्तर वर्षांत कुणी उच्चारलेलं नाही.

आरा_तुटला
काका, पण घसरत नाही म्हणता ते पूर्ण खरं नाही हं. केबल सैल झाली की दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधोमध तोही रिकामा फिरतो.

वाईकर_काका
फिरतो. वडील त्यापायीच पसरणीच्या घाटात एकदा पडले होते. हे सांगायचं नाही असं ठरलं होतं घरात.

हिशेबी
मी करून पस्तावलेल्यांपैकी. माझी अशीच सायकल, २००७ ची. 'फक्त गियर' म्हणून सुरुवात केली. गियर काढताना मागचा एक्सल वाकलेला निघाला. तो बदलला तर कोन (एक्सलवरचे, ज्यांवर छर्रे फिरतात ते) खाल्लेले निघाले. मग लक्षात आलं की रिमवर ब्रेक घासून घासून खळगा पडलाय, म्हणजे रिम. रिम म्हणजे आरे. तेवढ्यात सीटचा दांडा गंजून सांगाड्यात असा अडकलेला की कापावा लागला. ९,००० गेले आणि शेवटी हातात जुनीच सायकल. जुन्या घराचा एक नळ बदलायला जावं आणि भिंत हातात यावी तसं झालं.

म्हणून माझं म्हणणं, गियरचा हिशेब करण्याआधी बाकीच्या गोष्टींचा करा. सांगाड्याच्या जोडांवर बारीक तडा दिसतो का ते बघा. सीटचा दांडा वरखाली होतो का? रिमवर बोट फिरवा, खोलगट लागतं का? यातलं एक जरी 'हो' आलं तरी निवांत म्हणतायत ते बरोबर आहे.

निवांत
कुणीतरी शहाणं आहे इथं.

जुना_कोथरूडकर
मोजली. त्याची पण एक गोष्ट झाली.

मुलीच्या कंपासपेटीतली पट्टी १५ सेंमीची. मोठी शोधून काढली तर ती ३० सेंमीची आणि १२ इंच होतात ३०.४८. म्हणजे ऐन शेवटाला पट्टी कमी पडली. मग शिंप्याची टेप घेतली. बायको म्हणाली, ती ताणली जाते. शेवटी खालच्या मजल्यावरच्या सुताराकडून लोखंडी टेप आणली.

चेन बरोबर १२ इंच. केसभरही जास्त नाही.

मग घाटमाथांचा सिद्धांत काय झाला?

घाटमाथा
२००९ ची चेन बरोबर १२ इंच भरणं शक्य नाही. चेन कधी बदललीत?

जुना_कोथरूडकर
अं... दोन महिन्यांपूर्वी. सायकल बाहेर काढली तेव्हा चेनला गंज होता म्हणून नवीन टाकून घेतली. हे सांगायचं राहिलं वाटतं.

घाटमाथा
वाटतं????

चिऊताई
डॉक्टरांकडे पण असंच करता का? "हो, सांगायचं राहिलं, रोज दोन जिलब्या खातो."

जुना_कोथरूडकर
रोज नाही.

पंक्चरवाल्याचा_नातू
आता खरं कारण सापडलं. आमच्या आजोबांचं सोलापुरात दुकान होतं, माझी निम्मी शाळा तिथंच झाली. ही तक्रार महिन्याला दहादा यायची: "परवाच नवीन चेन टाकली आणि आजपासून घसरायला लागली, तुम्ही चेन डुप्लिकेट दिलीत."

चेन चांगलीच असते. जुनी चेन आणि जुन्या चकत्या एकमेकांबरोबर झिजलेल्या असतात, वीस वर्षांच्या संसारासारख्या. दोघांनाही एकमेकांच्या खोडी माहीत. त्यातला एक बदलून कोरा आणला की भांडण सुरू. नव्या कडीचं अंतर बरोबर अर्धा इंच, पण दात कललेला. जोर आला की कडी दातावर चढते आणि पुढच्या दातावर उडी मारते. ते तुमचं 'खट्'.

जुनी चेन टाकून दिलीत का?

जुना_कोथरूडकर
पुण्यात राहतो. टाकीन कशी? पिशवीत घालून माळ्यावर ठेवलीय.

(अर्ध्या तासानं) काढून मोजली. १२ इंच आणि वर आठव्या भागापेक्षा जरा जास्तच.

घाटमाथा
झालं. निदान पूर्ण. मागचं फ्रीव्हील गेलंय. डेरेलरनं काय घोडं मारलंय ते मला कळलेलं नाही. लीव्हर दाबल्यावर गियर नेमका पडतो का? पडत असेल तर डेरेलरला हात लावू नका. अडखळत पडत असेल तरी आधी केबल आणि तिचं बाहेरचं आवरण बदला. पंधरा वर्षांच्या आवरणात गंज आणि माती साचून केबल अडकते, आणि लोक त्याचं बिल डेरेलरवर फाडतात.

अण्णा_नगरकर
माझा वेगळा सल्ला. एक रुपया खर्च करू नका. जुनी चेन रॉकेलमध्ये धुवा, परत चढवा. जुनं जुन्याबरोबर बिनतक्रार चालेल. सगळं एकत्र मरेपर्यंत चालवा, मग सगळं एकदम बदला. मी अशीच आठ वर्षं काढली.

आरा_तुटला
अण्णा, रॉकेल मिळतं कुठं आता?

अण्णा_नगरकर
डिझेलमध्ये धुवा. प्रत्येक गोष्टीला अडून बसायचं नसतं.

घाटमाथा
अण्णा, तात्पुरतं ठीक. पण ती लांबलेली चेन आता पुढच्या चकत्या खाईल. या सायकलींना पुढच्या तिन्ही चकत्या क्रँकला रिव्हेटनं ठोकलेल्या असतात, एकच सुटी बदलता येत नाही, सगळा क्रँकसेट घ्यावा लागतो. मागं फ्रीव्हील वाचवायचं आणि पुढं त्याहून महाग भाग घालवायचा, हा कुठला हिशेब?

अण्णा_नगरकर
आठ वर्षं चालली म्हणतोय ना मी. तुम्ही पट्टी घेऊन बसा.

उत्रेख्तवासी
नेदरलँड्समधून दोन शब्द. इथं स्टेशनखाली १२,५०० सायकलींचं पार्किंग आहे आणि त्यातल्या निम्म्या बघून तुम्ही म्हणाल या भंगारात का दिल्या नाहीत. चांगली सायकल चोरीला जाते म्हणून लोक स्टेशनला मुद्दाम खटारा नेतात. बऱ्याच सायकलींना काकांसारखे हबमधले गियर, चेन पूर्ण झाकलेली. पाऊस बारा महिने, पण चेन वर्षानुवर्षं टिकते. माती लागतच नाही तिला.

दुरुस्तीचा हिशेब मात्र इथं पूर्ण उलटा. सुट्या भागापेक्षा हाताची मजुरी महाग. म्हणून लोक स्वतः करतात किंवा रिपेअर कॅफेत नेतात. ही कल्पना २००९ साली ॲमस्टरडॅममध्ये सुरू झाली. ठरलेल्या दिवशी जाणकार मंडळी हत्यारं घेऊन बसतात आणि तुमच्याबरोबर तुमची वस्तू दुरुस्त करतात. तुम्ही पुण्यात तीनशे रुपयांत चाक उघडून घेता हे इथल्या माणसाला सांगितलं तर तो तिकीट काढेल. असं असताना विकायचा विचार का करताय?

चिऊताई
तुमची सायकल २००९ ची, त्यांचा कॅफे २००९ चा. योग जुळून आलाय.

सपाट_रस्ता
मी म्हणतो गियरच काढून टाका. मागं एकच चकती, पुढं एकच, ना डेरेलर ना केबल. पुणं तसं सपाटच आहे.

जुना_कोथरूडकर
चांदणी चौक??

आरा_तुटला
कात्रज?

गणिताच्या_बाई
बोपदेव?

सपाट_रस्ता
बरं बरं. मी हडपसरला राहतो.

इतिहासाचं_पान
सपाट_रस्ता यांना उगाच हसू नका, त्यांच्या बाजूला मोठी माणसं होऊन गेली. टूर द फ्रान्स १९०३ ला सुरू झाली आणि ती चालवणारे आंरी देग्रांज गियरच्या पक्के विरोधात. डेरेलर वापरायची मुभा मिळायला १९३७ साल उजाडलं. तोवर शर्यतवाले मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या दातांची चकती लावायचे. घाट आला की उतरायचं, चाक काढायचं, उलटं करून बसवायचं आणि परत निघायचं. आल्प्समध्ये, थंडीत, बोटं आखडलेली असताना.

आरा_तुटला
आणि आम्ही लीव्हर जड लागतो म्हणून रडतो.

पंक्चरवाल्याचा_नातू
मुद्द्यावर येऊ. फ्रीव्हील बदलायचं ठरलं तर मेकॅनिकला आधी विचारा, काढायचं हत्यार आहे का? जुन्या सायकलींना मागं सहसा आट्यांवर बसणारं फ्रीव्हील असतं, हल्लीच्या महागड्यांना कॅसेट असते. दोन्ही काढायची पद्धत वेगळी. फ्रीव्हील पायडल मारता मारता घट्टच होत जातं, त्यामुळं पंधरा वर्षांनी ते असं बसतं की विचारू नका. आत खाचा असतात, त्यात बसणारी गोटी शेगड्यात (व्हाइसमध्ये) धरायची आणि चाकच स्टिअरिंगसारखं उलटं फिरवायचं. काही जण छिन्नी लावून हातोड्यानं ठोकतात. तसं करताना दिसले तर चाक उचलून घरी या. आणि कुणी "आधी आरे कापून रिम काढू" म्हणालं तर पळा. रिम गेली की फ्रीव्हील फिरवायला धरणार काय?

दातांची संख्या जुन्याइतकीच घ्या, सात चकत्याच घ्या. घाटासाठी म्हणून शेवटची चकती फार मोठी घेतलीत तर डेरेलरला तिच्यावर चेन चढवता येत नाही आणि मग खरंच तोही बदलावा लागतो.

आणि त्या पहिल्या मेकॅनिकला चोर ठरवू नका. आजोबांनी पण अनेकदा 'सगळं टाकू' सांगितलंय. अर्धं बदललं की गिऱ्हाईक आठवड्यानं येऊन भांडतं, उरलेल्या अर्ध्याची तक्रारही तुमच्याच नावावर. हे मोजमाप करून, वेळ देऊन सांगायला त्याला मिळतात किती? मजुरीवर तुम्हीच घासाघीस करणार.

हिशेबी
हे पटलं. पण माझा एक्सलचा मुद्दा कुणी घेतला नाही. या फ्रीव्हीलवाल्या हबमध्ये उजवीकडचे छर्रे आत लांब असतात आणि एक्सलचा बराच भाग आधाराशिवाय बाहेर राहतो. म्हणूनच तो वाकतो. चाक हातात येईल तेव्हा एक्सल काचेवर लोळवून बघा.

निवांत
अजून चालूच आहे? मी मधल्या काळात सायकल बघूनही आलो.

आरा_तुटला
घेतली?

निवांत
किंमत बघितली. माझी जुनी आहे तीच बरी वाटायला लागलीय. @घाटमाथा, ते २४ कड्यांचं परत एकदा सांगता का.

घाटमाथा
😄 पान वर सरकवा.

जुना_कोथरूडकर
दोन आठवड्यांनी येतोय, क्षमस्व. मुलीच्या परीक्षा होत्या.

आधी अण्णांचं ऐकलं. जुनी चेन डिझेलमध्ये धुतली (बाल्कनीला अजून वास आहे), सायकलवाल्याकडून चढवून घेतली. खोटं का बोलू, घसरणं त्या दिवशी थांबलं. चांदणी चौक उभं राहून चढलो, एकही 'खट्' नाही. अण्णांना दंडवत. पण तिसऱ्या दिवशी चेनची एक कडी आखडली आणि मागच्या डेरेलरमधून जाताना प्रत्येक फेऱ्याला टक्-टक् सुरू झालं. बहुतेक गंज आतपर्यंत गेला होता.

मग हत्यारवाला मेकॅनिक शोधला. पहिल्या दोघांनी छिन्नी दाखवली, नातूंचे शब्द आठवून परत फिरलो. तिसऱ्याकडे गोटी होती. फ्रीव्हील सुटायला वीस मिनिटं आणि दोन माणसं लागली. सुटलं तेव्हा आवाज असा झाला की समोरचा चहावाला बघायला आला. एक्सल काचेवर लोळवला, सरळ निघाला (हिशेबी, तुमची आठवण काढली). जुनं फ्रीव्हील हातात घेतलं तर सातातल्या तीन चकत्यांचे दात कललेले आणि बाकीच्या चार अगदी नव्यासारख्या.

खर्च: फ्रीव्हील ६५०, दोन केबली आवरणासकट १८०, मजुरी ३००. चेन ती दोन महिन्यांपूर्वीचीच. एकूण १,१३०. डेरेलर आणि क्रँक जुनेच. पुढची मधली चकती थोडी झिजलीय, पण मेकॅनिक म्हणाला पुढं दात जास्त असतात, जोर वाटला जातो, अजून काही वर्षं जातील.

रिमचं बघितलं. बोटाला खोलगट लागतं, अगदी किंचित. लागलं की वाटलं, हे अजून ठरत नाही.

हिशेबी
किंचित म्हणजे किती? पट्टी रिमवर आडवी ठेवा आणि खाली उजेड दिसतो का बघा.

चिऊताई
१५ ची, ३० ची की सुताराची?

पंक्चरवाल्याचा_नातू
अभिनंदन. एकच विचारतो. चाक उघडलंच होतं तर छर्रे आणि ग्रीस बदललंत ना?

जुना_कोथरूडकर
...

घाटमाथा
सांगायचं राहिलं वाटतं.